गुडघ्यांवर उभी राहिलेली चकाकी : लाकडी जमिनीच्या निगराणीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, ताई, आमच्या घरात शहाबादी फरशी, नाहीतर कोबा. लाकडी जमिनीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणी शहरात चार घरची झाडलोट, भांडी करतात. हॉटेलं, रिसॉर्ट, व्यायामशाळा, नवे फ्लॅट या ठिकाणी आता ‘वुडन फ्लोअरिंग’ दिसू लागलंय. ते पुसायचं काम आपल्याच हाती येतं.

गेल्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंचे अर्ध्या महिन्याचे पैसे कापले गेले. बाल्कनीजवळच्या फळ्या फुगून त्यांच्या कडा वर आल्या होत्या. ताईंनी काय केलं होतं? इतर घरांत करतात तेच. बादलीभर पाण्यात फिनाईल टाकलं आणि लादी पुसली. ही जमीन वेगळी आहे, हिला पाणी चालत नाही, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोष मात्र त्यांच्या माथी आला.

तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता लक्षात आलं की लाकडी जमीन राखण्याची विद्या शे-दोनशे नाही, चांगली तीनशे-चारशे वर्षं जुनी आहे. त्यात गूढ काही नाही. तीन नियम आहेत. पाणी कमी, खर आधी, आणि वर एक पातळ संरक्षक थर. जगात जिथे जिथे लाकडी जमिनी होत्या, तिथल्या लोकांनी हे तीन नियम आपापल्या पद्धतीनं शोधले. शोधणारे बहुतेक नोकर होते, मोलकरणी होत्या, खलाशी होते. त्यांची नावं फारशी कुठे लिहिलेली नाहीत. आज त्यांची गोष्ट सांगते आणि शेवटी आपल्या कामाचं बोलते.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. आपल्याकडे लाकूड नव्हतं असं नाही. सह्याद्रीत साग, अल्लापल्लीकडे साग. पेशव्यांच्या काळातले वाडे सागवानावर उभे होते. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला, आणि १८२८ च्या आगीत तो कित्येक दिवस जळत राहिला, यावरून त्यात लाकूड किती असेल याचा अंदाज करा. खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, माडीच्या खाली कडीपाट लाकडाचा. पण बहुतेक ठिकाणी पायाखाली काय असे? फळ्यांवर मातीचा थर, आणि तो शेणानं सारवलेला. म्हणजे लाकूड डोक्यावर दिसायचं, पायाला लागायची माती. उघड्या फळ्या असायच्या त्या जिन्याला, माळ्यावर, झोपाळ्याला. म्हणून आपल्या आज्यांना सारवणात तोड नव्हती, पण लाकडी जमीन पुसण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली नाही.

असं असलं तरी लाकूड कसं राखायचं हे आपल्याला माहीत आहेच. पोळपाट कधी पाण्यात बुडवून ठेवतो का आपण? नाही. ओल्या फडक्यानं पुसायचा, लगेच कोरडा करायचा आणि भिंतीला उभा करून ठेवायचा. काठवट वापरात नसली की तडकते, म्हणून तिला मधूनमधून तेलाचा हात फिरवायचा. लाटणं चुलीजवळ ठेवायचं नाही. सासूबाईंनी सुनेला सांगितलेल्या या गोष्टी म्हणजे लाकडी जमिनीचं अर्धं शास्त्र. पोळपाट हातभर, जमीन खोलीभर, एवढाच फरक.

आता पहिला नियम, पाण्याचा. हा धडा राजालासुद्धा पैसे मोजून शिकावा लागला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानं पॅरिसजवळ व्हर्साय इथे प्रचंड राजवाडा बांधला. वरच्या मजल्यावरच्या दालनांत संगमरवरी फरशी घातली. संगमरवर धुवायचा म्हणजे पाणी ओतावं लागतं. ते पाणी सांध्यांतून खाली झिरपत गेलं आणि फरशी पेलणाऱ्या लाकडी तुळया कुजू लागल्या. शेवटी १६८४ साली संगमरवर उखडून त्या जागी ओक लाकडाच्या चौकटी तिरप्या बसवल्या गेल्या. हा नमुना पुढे ‘व्हर्साय पार्के’ या नावानं जगभर गेला, आणि आजही महागड्या घरांत तो घालतात. राजवाड्याचा थाट म्हणून आपण त्याकडे बघतो, पण त्याचा जन्म झाला तो झिरपणाऱ्या पाण्यामुळे.

हीच गोष्ट आपल्या मुंबईत घडली. गिरगाव, दादर, परळ भागातल्या जुन्या चाळी आणि इमारती लाकडी सांगाड्याच्या. सागाचे खांब, सागाच्या तुळया, वर फळ्या, आणि फळ्यांवर चुन्याचा किंवा लादीचा थर. घरोघरी कोपऱ्यात मोरी. वर्षानुवर्षं मोरीचं पाणी भिंतीत मुरलं, आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं आतून सडत गेली. वरून सगळं ठाकठीक, आतून पोकळ. साग कितीही चिवट असला तरी कायम ओलीपुढे त्याचंही चालत नाही. जुन्या इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारला १९६९ साली खास कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. व्हर्सायचा राजा आणि चाळीतला गिरणी कामगार, दोघांच्याही पायाखालचं लाकूड एकाच कारणानं गेलं.

असं का होतं, ते थोडं समजून घेऊ. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना त्या नळ्यांतून पाणी वाहतं. झाड तोडून वाळवलं तरी नळ्यांना पाणी पिण्याची सवय असतेच. फळी पाणी प्यायली की लांबीला फारशी वाढत नाही, रुंदीला फुगते. शेजारच्या फळ्याही फुगतात. जागा तर तेवढीच. मग कडा वर उचलतात आणि फळी मधे खोलगट दिसते. उन्हाळ्यात उलट होतं, फळ्या आकसतात आणि मधे फटी पडतात. त्या फटींत पाणी गेलं की खालून कूज लागते. आमच्या ताईंच्या वेळी बाल्कनीजवळच्याच फळ्या का फुगल्या? पावसाची झड आणि बादलीचं पाणी दोन्ही तिथेच साचत होतं. फिनाईलचा वास जितका उग्र तितकी स्वच्छता जास्त, असं आपल्याला वाटतं. लाकडाला त्या वासाचा काही उपयोग नाही. त्याच्यासोबत आलेलं बादलीभर पाणी मात्र त्याला बाधतं.

दुसरा नियम खरीचा. खर म्हणजे पायाबरोबर आलेली वाळू, माती, बारीक कच. ती फळीवर राहिली आणि वरून माणसं चालली, की पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं.

गंमत अशी की एके काळी लोक मुद्दाम वाळूनंच लाकूड घासत. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात साध्या घरांच्या फळ्यांवर कसलंही रोगण नसायचं. मोलकरणी ओली वाळू टाकून ब्रशनं फळ्या घासत. फळी पांढुरकी, उजळ दिसायची. कुठे कुठे कोरडी वाळू जमिनीवर पसरून ठेवत. ती तेलकटपणा शोषून घ्यायची, मग झाडून टाकायची. स्कँडिनेव्हियात, म्हणजे स्वीडन-डेन्मार्कच्या बाजूला, राखेच्या क्षारानं आणि साबणानं जमीन धुवायची रीत होती. साबणाचा पातळ थर लाकडात मुरायचा आणि पुढचा डाग आत जायला अटकाव करायचा. तिथे आजही काही घरांत साबणाच्या चुऱ्यानं फळ्या पुसतात.

वाळूचा कहर झाला तो जहाजांवर. आणि या गोष्टीचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी मलबारच्या सागापासून इंग्रजांच्या आरमारासाठी जहाजं बांधली. त्यातलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलं. आज दोनशेहून जास्त वर्षं झाली, ते अजून इंग्लंडात हार्टलपूलच्या गोदीत तरंगतंय. इतका टिकाऊ आपला साग.

अशा जहाजांचे डेक खलाशी रोज पहाटे घासत. समुद्राचं पाणी ओतायचं, वाळू टाकायची, गुडघ्यांवर बसायचं आणि मऊ वालुकाश्माचा दगड पुढेमागे ओढायचा. त्या दगडाला नाव होतं ‘होलीस्टोन’, म्हणजे पवित्र दगड. प्रार्थनेला बसल्यासारखं गुडघे टेकून घासायचं म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. लहान दगडाला खलाशी ‘प्रार्थनेचं पुस्तक’ म्हणत आणि मोठ्याला ‘बायबल’. जहाजावर खारं पाणी चालायचं, कारण तिथे फळ्या फुगलेल्याच हव्या असतात. फुगल्या की सांधे घट्ट बसतात आणि पाणी खाली गळत नाही. घराचं गणित याच्या उलट. पण रोजच्या घासण्यानं डेकच्या फळ्या झिजून पातळ व्हायच्या, त्या बदलायचा खर्च यायचा. शेवटी १९३१ साली अमेरिकेच्या आरमारानं रोजच्या होलीस्टोनला आवर घालणारा हुकूम काढला. घासणं म्हणजे स्वच्छता खरी, पण प्रत्येक घासण्यात लाकडाचा एक पापुद्रा जातो, हे एवढ्या घासण्यानंतर मान्य झालं.

घरकाम करणाऱ्या बायकांना हे आधीच उमगलं असावं, कारण त्यांच्या युक्त्या सौम्य आहेत. हॅना ग्लास नावाच्या इंग्रज बाईनं १७६० साली नोकरांसाठी एक पुस्तक लिहिलं. ही बाई स्वयंपाकाच्या पुस्तकासाठी प्रसिद्ध, पण या पुस्तकात तिनं घरकाम शिकवलं आहे. त्यात पाण्याशिवाय जमीन साफ करायची एक कृती आहे. आधी झाडून घ्यायचं, मग पुदिना, बडीशेपेचा पाला अशा ताज्या सुवासिक वनस्पती जमिनीवर पसरायच्या आणि लांब दांड्याच्या ब्रशनं घासायच्या. पाल्यातला रस फळीला लागतो, धूळ पाल्याला चिकटते आणि लाकडाला हळूहळू तपकिरी झळाळी येते. पुढे चहा घरोघरी आल्यावर इंग्लंडातल्या मोलकरणी उकळलेल्या चहाचा चोथा पिळून, ओलसर करून सतरंजीवर टाकत आणि मग झाडत. धूळ उडत नसे. आपल्याकडे अंगण झाडताना पाण्याचा शिपका मारतो, तेच हे.

दुसऱ्या एका इंग्रज बाईची आठवण इथे सांगायला हवी. सुझाना व्हॉटमन ही एका कागद गिरणीच्या मालकाची बायको. तिनं १७७६ पासून आपल्या मोलकरणींसाठी सूचनांची वही लिहिली. कोणत्या खोलीत कोणत्या वेळी ऊन येतं आणि कोणता पडदा केव्हा ओढायचा, हे त्यात आहे. उन्हानं सामानाचा रंग उडतो हे तिला ठाऊक होतं. आजही लाकडी जमिनीवर खिडकीसमोरचा पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो आणि घरमालकीण म्हणते, ‘इथे काय सांडलंस?’ सांडलेलं काही नसतं. ते ऊन असतं.

तिसरा नियम वरच्या थराचा. उघड्या लाकडावर काहीतरी पातळ, पाणी अडवणारं लावलं की धूळ आणि डाग त्यावर थांबतात, आत जात नाहीत. इथे जगानं किती तऱ्हा काढल्या पाहा.

फ्रान्समध्ये मधमाशीचं मेण. मेण लावायचं आणि पायाला ब्रश बांधून खोलीभर घसरत फिरायचं. या कामाला खास माणसं असत, त्यांना ‘फ्रोतर’ म्हणत. म्हणजे घासणारा. हे पुरुष घरोघर जात आणि कामाचे पैसे घेत. युरोपातच इतर ठिकाणी जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. जवसाचं तेल हवेत वाळतं आणि त्याचा पापुद्रा धरतो, म्हणून ते लाकडाला चालतं. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातलं जवस एके काळी मुंबई बंदरातून युरोपला मोठ्या प्रमाणावर जायचं, ते याच तेलासाठी, रंग आणि रोगणासाठी.

जपानात भाताचा कोंडा. सुती पिशवीत कोंडा बांधायचा आणि त्यानं फळ्या घासायच्या. कोंड्यातलं थोडंसं तेल पिशवीतून झिरपतं आणि लाकडाला मंद चकाकी येते. तिथे शाळेतली मुलंसुद्धा पिळलेलं फडकं दोन्ही हातांखाली धरून फळ्या पुसतात. फिलिपिन्समध्ये जुन्या घरांच्या वरच्या मजल्यावर रुंद फळ्या असत. तिथे केळीची पानं घासून चकाकी आणत, कारण केळीच्या पानावर नैसर्गिक मेण असतं. पावसाचं पाणी केळीच्या पानावर थांबत नाही, ते त्या मेणामुळेच. मग नारळाचं अर्धं सोडण पालथं ठेवायचं, त्यावर एक पाय द्यायचा आणि पुढेमागे घासायचं. त्याला तिथे ‘बुनोत’ म्हणतात.

नारळाचं सोडण म्हटल्यावर कोकणातल्या मैत्रिणींचे कान टवकारले असतील. हाच प्रकार मॉरिशसमध्येही आहे. तिथे त्याला ‘ब्रॉस कोको’ म्हणतात. १८३४ पासून भारतातून हजारो लोक करारावर ऊसमळ्यांत राबायला मॉरिशसला नेले गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी सण साजरे करतात. त्या बेटावरच्या मोठ्या घरांच्या लाकडी जमिनी नारळाच्या सोडणानं चमकवल्या जात. आपण जे सोडण चुलीत घालतो, त्यावर तिथे घरं लखलखत होती.

आणि आपल्या देशानं जगाला दिलेला सगळ्यात मोठा थर म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे बसतात. त्यातली मादी अंगातून राळेसारखा रस सोडते आणि स्वतःला त्यात गुंडाळून घेते. ती राळ खरवडून, धुऊन, वितळवून तिचा चपडा करतात. झारखंड, छत्तीसगड हे त्याचे मुख्य प्रदेश, आपल्या गोंदियाकडेही लाखेचं काम होतं. बांगड्या, खेळणी आपल्याला माहीत आहेत. पण चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या असंख्य घरांच्या जमिनींवर होतं. लाखेचा व्यापार इतका मोठा की १९२४ साली रांचीजवळ तिच्यासाठी वेगळी संशोधन संस्था निघाली. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यातली चकाकी आपल्याकडच्या आदिवासी बायाबापड्यांनी झाडावरून खरवडलेली होती, हे त्या दिवाणखान्यात किती जणांना माहीत असेल?

आता या सगळ्या चकाकीखाली काय होतं, ते बोलू. गुडघे होते.

इंग्रजीत एका दुखण्याचं नावच ‘मोलकरणीचा गुडघा’ असं आहे. गुडघ्याच्या वाटीपुढे एक छोटी पिशवी असते. सतत गुडघ्यांवर बसून घासलं की ती सुजते, पाणी धरते. एका दुखण्याला एका कामाचं नाव पडावं, म्हणजे ते किती बायकांना झालं असेल! हॅना कलविक नावाची एक मोलकरीण १८३३ साली इंग्लंडात जन्मली. लहान वयात ती कामाला लागली. आर्थर मन्बी नावाच्या शिकलेल्या माणसाशी तिचं प्रेम होतं, आणि त्याच्या सांगण्यावरून ती रोजनिशी लिहायची. किती पायऱ्या घासल्या, किती बूट पुसले, कोणती जमीन गुडघ्यांवर बसून धुतली, हे सगळं त्यात आहे. ती रोजनिशी १९८४ साली पुस्तकरूपानं छापली गेली, म्हणून आपल्याला तिचं नाव तरी माहीत आहे. बाकीच्या हजारोंचं नाही.

पॅरिसमध्ये कायबोत नावाच्या चित्रकारानं १८७५ साली जमीन तासणाऱ्या तीन कामगारांचं चित्र काढलं. उघड्या अंगानं, गुडघ्यांवर, फळ्या खरवडणारे पुरुष. तिथल्या मोठ्या सरकारी प्रदर्शनानं ते नाकारलं. कामगारांचं असं उघडंवाघडं चित्र प्रतिष्ठितांना रुचलं नाही. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात मानानं लावलेलं आहे.

यात एक गोष्ट मला फार बोचते. फ्रान्समध्ये पायाला ब्रश बांधून मेण लावणारा पुरुष होता, तेव्हा त्याच्या कामाला नाव होतं, तो धंदा होता, त्याला दर होता. तेच काम घरातली मोलकरीण करायची तेव्हा ते ‘वरकामा’त धरलं जायचं. काम तेच, जमीन तीच. नाव मिळालं की दर मिळतो.

विसाव्या शतकात दोन बदल झाले. जर्मनीत १९३७ साली ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधलं. पुढे त्याचं रोगण निघालं आणि ते लाकडी जमिनींवर आलं. कडक, पारदर्शक थर. मेण नको, लाख नको, पायाला ब्रश नको. दुसरा बदल स्वीडनचा. तिथे १९७७ साली लॅमिनेट जमीन निघाली. म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याची फळी, वर लाकडाच्या फोटोचा कागद आणि त्यावर पारदर्शक कडक थर. आपल्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये ‘वुडन’ म्हणून जे दिसतं ते पुष्कळदा हेच असतं. खरं लाकूड फुगलं तर वाळून थोडंफार बसतं, सुतार रंधा मारून सारखं करू शकतो. लॅमिनेटमध्ये पाणी शिरलं की कडा फुगतात त्या कायमच्या. तिथे रंधा चालत नाही, फळीच बदलावी लागते.

म्हणूनच जुन्या कृती जशाच्या तशा उचलायच्या नाहीत. कोंडा, केळीचं पान, मेण, जवसाचं तेल हे उघड्या किंवा तेल-मेण लावलेल्या लाकडासाठी होतं. पॉलियुरेथेनवर किंवा लॅमिनेटवर तेल लावलं तर ते आत जात नाही, वर चिकट बसतं, धूळ धरतं आणि माणूस घसरून पडतो. तेव्हा आधी जमीन ओळखायची. घरमालकिणीला विचारायचं. तिलाही माहीत नसेल तर कोपऱ्यात, कपाटाआड, पाण्याचा एक थेंब टाकून पाच मिनिटं बघायचं. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर वर थर आहे. फळी थेंबाखाली काळपट झाली तर थर नाही किंवा झिजला आहे. थेंब लगेच पुसून घ्यायचा.

आता प्रत्यक्ष काम. ही यादी गटाच्या वहीत लिहून ठेवा.

आधी कोरडं झाडायचं, मऊ झाडूनं. खर गेल्याशिवाय ओलं फडकं लावायचं नाही. फडकं इतकं पिळायचं की उचललं तर एक थेंब गळता कामा नये. फळीच्या लांबीच्या दिशेनं पुसायचं. मागोमाग कोरडं फडकं. म्हणजे दोन फडकी हवीत आणि वेळ दुप्पट लागतो, हे लक्षात ठेवा, पैशांचं बोलताना कामाला येईल. साबण हवाच असेल तर रिठ्याचं पाणी चालतं. आठ-दहा रिठे रात्री भिजवायचे, सकाळी उकळून गाळायचे, आणि ते पाणी अर्ध्या बादलीला अर्धी वाटी एवढंच. आधी कोपऱ्यात लावून बघायचं. काही सांडलं तर लगेच टिपायचं. तेल सांडलं तर खडूची भुकटी टाकून शोषू द्यायचं.

काय टाळायचं? फिनाईलची बादली, ॲसिड, उकळतं पाणी, वाफेचा मॉप. लिंबू आणि व्हिनेगरसुद्धा. ते नैसर्गिक आहेत, पण आंबट आहेत, आणि आंबटानं वरच्या थराची चमक मंदावते. सोडा आणि राखही नको, सागासारखं लाकूड त्यानं काळवंडतं. तारेची घासणी तर मुळीच नको. तिचे बारीक कण फळीत राहतात, गंजतात आणि लाकडातल्या तुरट द्रव्याशी मिळून काळे ठिपके पडतात. हिरडा आणि लोखंड मिळून पूर्वी काळी शाई करायचे, तीच ही शाई. खोबरेल तेल नको, ते वाळत नाही. जवसाचं तेल लावायचं काम कुठे करत असाल तर एक धोका ऐका. त्या तेलाची फडकी चोळामोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती सुटी पसरून पूर्ण वाळवायची किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवायची.

जमिनीचं राखण दारातच सुरू होतं. चपला बाहेर, दारात पायपुसणं, खुर्ची-टेबलाच्या पायांखाली जाड कापडाचे तुकडे, दुपारच्या उन्हाला पडदा. चपला बाहेर काढायची आपली रीत लाकडाला जितकी मानवते तितकं महागडं औषध मानवत नाही.

आणि आपलं स्वतःचं राखण. लांब दांड्याचा चपटा मॉप मागून घ्या. नारळाच्या सोडणावर पाय ठेवून उभ्यानं काम करायची युक्ती निघाली, ती उगीच नव्हे. गुडघे टेकावेच लागले तर खाली जाड गादीचा तुकडा घ्या. काम धरताना पहिल्याच दिवशी जमीन कशी आहे ते बघा, फुगलेल्या फळ्या, चरे, डाग यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरमालकिणीला दाखवा. कुठल्या जमिनीला काय चालतं ते तिच्याकडून विचारून वहीत लिहा. आपल्या राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. ज्यांची नोंदणी राहिली आहे त्यांनी ती करून घ्या, कागदपत्रांना मदत लागली तर गटाच्या बैठकीत सांगा.

आमच्या गटांत आता ठरलंय की लाकडी जमिनीचं काम ‘झाडू-पोछा’त धरायचं नाही. त्याची वेगळी ओळ, वेगळा दर. चार-पाचजणींनी मिळून हे काम नीट शिकून घेतलं आहे, आणि त्या आता दुसऱ्यांना शिकवतात. ज्या ताईंचे पैसे कापले होते, त्या त्यात पहिल्या आहेत.

तुमच्या भागात लाकडी जमीन, जिना, झोपाळा राखायची जुनी रीत कुणाला माहीत असेल, तर ती आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भागात ती तुमच्याच तोंडून ऐकवू.